जुन्नरचा पाऊस, भिलाईची भट्टी आणि मॉस्कोची मराठी पुस्तके

रशिया आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये किती पर्वत, किती वाळवंटे आणि किती राज्ये पसरली आहेत याचा विचार केला, तर या दोन भूमींत काही ऋणानुबंध असावा अशी कल्पनाही सहसा मनाला शिवत नाही. इंग्रजांशी आपला संबंध राज्यकर्ते म्हणून आला, पोर्तुगीजांशी शेजारी म्हणून आला. रशिया मात्र नकाशाच्या वरच्या टोकास पांढऱ्या बर्फाचा एक विस्तीर्ण पट्टा म्हणूनच राहिला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि हे नाव पुन्हा रोज कानांवर पडू लागले. जवाहर चौकातील चहाच्या टपरीवर काय किंवा आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात काय, मते दोनच ऐकू येतात. एक म्हणतो, रशिया आपला जुना मित्र. दुसरा म्हणतो, तो आक्रमक. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलतात. पण दोघांची स्मृती दहा-वीस वर्षांपलीकडे जात नाही. ‘सर, मुळात आपला आणि रशियाचा संबंध आला कुठे?’ असे एका तरुण सहकाऱ्याने मला सरळच विचारले. त्या प्रश्नाला शिक्षककक्षातील दहा मिनिटे पुरणारी नव्हती, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रारंभ आपल्या पायाखालच्या जमिनीपासूनच करू. भोपाळचा जवाहर चौक ज्या वस्तीत आहे ती टी. टी. नगर या नावाने सर्वांस ठाऊक आहे. या दोन आद्याक्षरांमागे तात्या टोपे आहेत हे आपल्या मुलांना सांगावे लागते. येवल्यात जन्मलेला आणि बिठूरला नानासाहेब पेशव्यांच्या छायेत वाढलेला हा पुरुष १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फासावर गेला. याच नानासाहेबांनी आपल्या पेन्शनीची दाद मागण्यासाठी अझीमुल्ला खान यास विलायतेस पाठविले होते. दाद लागली नाही. परतताना, १८५५ साली, अझीमुल्ला वाट वाकडी करून क्रिमियात गेला. तेथे सेबास्तोपोलच्या वेढ्यात रशियन तोफांपुढे इंग्रजी फौज कशी टेकीस आली आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर रसेल त्या रणभूमीवर त्यास भेटला होता आणि पुढे ती भेट त्याने लिहूनही ठेवली. इंग्रज अजिंक्य नाही ही खात्री घेऊन अझीमुल्ला बिठूरला परतला. सत्तावन्नच्या उठावाची कारणे अनेक आहेत आणि या एका कारणास अवास्तव महत्त्व देऊ नये. तथापि पेशव्यांच्या वाड्यात रशियाचे नाव पोचले ते अशा वाटेने पोचले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण याच्याही चारशे वर्षे आधी एक रशियन माणूस आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरून गेला होता. त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती मला फार प्रिय आहे.

त्याचे नाव अफनासी निकितिन. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा हा व्यापारी. माल घेऊन नदीने खाली निघाला असता अस्त्राखानजवळ तातारांनी त्यास लुटले. रिकाम्या हाताने घरी परतावे तर देणेकरी दारात उभे. म्हणून तो दर्बंद, बाकू करीत इराणात गेला, इराण ओलांडून होर्मुझला पोचला आणि तेथून एक घोडा घेऊन हिंदुस्थानास निघालेल्या गलबतात चढला. बहमनी राज्यात चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे. समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यास तेथे मोठे मोल येई. तेव्हा घोडा विकावा, दोन पैसे गाठीस बांधावे आणि घरी जावे, एवढाच साधा हिशेब. गलबत चौलला लागले. सन १४७० च्या आसपासची ही गोष्ट. वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ साली, म्हणजे त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी.

चौलला उतरताच निकितिनचे लक्ष कशाकडे गेले? येथील माणसे अंगात फारसे कपडे घालीत नाहीत, डोके उघडे ठेवतात, केसांची एक वेणी घालतात. आणि गोरा माणूस दिसला की सगळा गाव त्याच्यामागे लोटतो. तेथून पालीवरून, घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात अडकला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत येथले लोक नांगरतात, पेरतात, हे पाहून त्यास नवल वाटले. घोड्यांना वाटाणे आणि साखर-तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. जुन्नरच्या बाजूची आपली जी मंडळी असतील त्यांनी या वर्णनात आपले गाव ओळखावे.

या जुन्नरला त्याच्यावर खरे संकट कोसळले. तेथील अंमलदार असदखान याने त्याचा घोडा जप्त केला आणि निरोप पाठविला: मुसलमान हो, म्हणजे घोडाही परत आणि वर एक हजार मोहरा, न होशील तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. परक्या मुलखात, भाषा न जाणणारा, एकटा माणूस. त्याने धर्म सोडला नाही. मुदत संपत आली असता खुरासानचा एक महंमद नावाचा अधिकारी मध्ये पडला आणि त्याच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. धर्म सोडण्यास सांगणाराही मुसलमान आणि त्यातून सोडविणाराही मुसलमान. निकितिनने दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे लिहिल्या.

पुढे तो बीदरला गेला. महमूद गावानच्या कारभाराचे वैभव त्याने पाहिले. सरदारांचे थाट आणि त्याच मुलखातील रयतेचे दारिद्र्य हा विरोध त्याच्या नजरेतून सुटला नाही. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने तेथील हिंदूंना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. आपले खाणेपिणे, पूजाअर्चा सारे सांगितले आणि श्रीशैलच्या यात्रेसही बरोबर नेले. एकमेकांच्या पंक्तीस न बसण्याची आपली रीत त्याने पाचशे वर्षांपूर्वी टिपली. व्यापार मात्र साधला नाही. हिंदुस्थानात माल स्वस्त आणि मुबलक आहे असे ज्यांनी त्यास सांगितले होते त्यांना त्याने मनसोक्त शिव्या मोजल्या आहेत. मिरी आणि रंग स्वस्त खरे, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे.

शेवटी दाभोळच्या बंदरातून तो परतीस लागला आणि स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच वाटेत वारला. त्याच्या वह्या मात्र मॉस्कोस पोचल्या, बखरींत नकलून घेतल्या गेल्या आणि साडेतीन शतकांनी करमझिन या इतिहासकाराच्या हाती लागल्या. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने हा ग्रंथ आज ओळखला जातो. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकासह काढलेला ‘परदेसी’ हा चित्रपट याच प्रवासावर होता. त्यात नर्गिस होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

या वह्यांतील एक जागा विशेष आहे. निकितिन प्रवासभर रशियन भाषेत लिहितो. पण मध्येच, जेथे मनातले खोल असे काही सांगावयाचे असते, तेथे तो बाजारात शिकलेल्या तुर्की-फारसी मिश्रणात लिहू लागतो. अशाच एका ठिकाणी तो म्हणतो की आपल्या रशियासारखी भूमी जगात दुसरी नाही, परंतु तेथील सरदारांजवळ न्याय नाही. ती भूमी सुखी होवो आणि तेथे न्याय नांदो. मायदेशावरचे प्रेम त्याने उघड लिहिले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. सत्ताधाऱ्यांविषयीचे वाक्य मात्र गावात कोणास सहजी वाचता येऊ नये अशा बोलीत ठेवले. असे का, हे त्याने सांगितलेले नाही. पण रशियाचा पुढचा सगळा इतिहास वाचताना ही जागा मला वारंवार आठवते.

मधली शतके आपण झपाट्याने ओलांडू. झारांचे साम्राज्य पूर्वेस पॅसिफिकपर्यंत आणि दक्षिणेस अफगाण सीमेपर्यंत पसरले, आणि ‘रशियन आले’ या धास्तीने इंग्रजांनी काबूलवर दोन युद्धे लादली. त्यांचा खर्च अर्थातच हिंदी रयतेच्या माथी आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र वारे फिरले. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला आणि त्याच वर्षी झारच्या राज्यात क्रांतीचा पहिला भडका उडाला. पुण्या-मुंबईतील सुशिक्षितांनी या दोन्ही घटना अधाशीपणाने वाचल्या. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, जे पुढे सेनापती बापट झाले, ते शिकण्यास विलायतेत गेले आणि तेथून पॅरिसला जाऊन, रशियन निर्वासित क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची कृती मिळवून आले. ज्या हाताने ती कृती आणली त्याच हाताने पुढे मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रहही केला.

१९०८ च्या २२ जुलैस ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या थांबल्या. सहा वर्षांच्या शिक्षेस सहा दिवसांचा हरताळ. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या वेळी जिनिव्हात हद्दपारीत दिवस काढणाऱ्या एका रशियनाने ही बातमी वाचली आणि ‘प्रोलेटारी’ या आपल्या पत्रात त्यावर लिहिले. हिंदुस्थानचा कामगार आता राजकीय लढ्यात उतरला आहे, तेव्हा इंग्रजी राज्याचे दिवस भरत आले, असा त्याच्या लेखनाचा आशय होता. तो रशियन म्हणजे लेनिन. लोकमान्य साम्यवादी नव्हते आणि कधी झाले नसते. गीतारहस्याचा कर्ता इतिहासाचा अर्थ निराळा लावीत होता. तरी परळ-लालबागच्या गिरणीकामगाराकडे जगाचे लक्ष गेले ते आधी जिनिव्हातून, हे खरे.

१९१७ ची क्रांती झाली आणि चार वर्षांत मुंबईत श्रीपाद अमृत डांगे या एकवीस वर्षांच्या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका इंग्रजीत लिहिली. पुढे १९२४ चा कानपूर कट आणि १९२९ चा मीरत कट या खटल्यांत मराठी नावे किती आढळतात पाहा. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी. साम्यवादी चळवळीच्या पायाभरणीत मराठी माणसांचा वाटा मोठा होता. डांगे दीर्घायुषी झाले. मे १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

दुसरी बाजूही मराठीतच होती. मानवेंद्रनाथ रॉय यांनी मॉस्को आतून पाहिला होता आणि तेथून ते बाहेर फेकले गेले होते. त्यांच्या सहवासातील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मार्क्स वाचला, परंतु स्टालिनपुढे मान लवविली नाही. गोविंद तळवलकरांचा ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ हा द्विखंडात्मक ग्रंथ ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. या विषयावर मराठीत त्या तोडीचे लेखन थोडे आहे.

आता अण्णाभाऊ साठे. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मांग कुटुंबात जन्म, शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, पोटासाठी मुंबई. १९४२-४३ च्या हिवाळ्यात व्होल्गाकाठी स्टालिनग्राडची लढाई चालली होती, तेव्हा या माणसाने त्यावर पोवाडा रचला. या गोष्टीतील धाडस आज पटकन ध्यानात येत नाही. पोवाडा म्हणजे अफझलखानाचा वध, सिंहगडचा तानाजी. त्या डफावर, त्या चालीवर, कामगार वस्तीतील श्रोत्यांना हजारो कोसांवरच्या एका शहराची गल्लोगल्लीची झुंज ऐकवायची आणि ती त्यांना आपली वाटायला लावायची, हे केवळ प्रचारकाचे काम नव्हे. १९६१ साली अण्णाभाऊ स्वतः रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटेखानी पुस्तक त्यांनी लिहिले. त्यात त्यांना दारिद्र्याचा मागमूस दिसत नाही, सर्वत्र आनंदी माणसे दिसतात. टीकाकार म्हणतात की त्यांनी दाखविले तेवढेच पाहिले. ते खरेच आहे. पण आयुष्यभर ज्याला दारातून हाकलले गेले त्याला एका परक्या देशात सन्मानाने टेबलाशी बसविले, तर त्याने प्रथम काय पाहावे अशी आपली अपेक्षा आहे? १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ दारिद्र्यातच गेले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोच्या रुदोमिनो विदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा रशियन तोफा सात महिने खार्किववर आग ओकत होत्या. स्टालिनग्राड लढविणाऱ्या लाल सैन्यात रशियनांच्या खांद्याला खांदा लावून युक्रेनियनही लढले होते, हे अण्णाभाऊंना वेगळे सांगावे लागले नसते.

आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर रशियाचे सर्वांत मोठे काम भिलाईत उभे आहे. आज भिलाई छत्तीसगडात आहे. परंतु १ नोव्हेंबर २००० पर्यंत ती मध्य प्रदेशातच होती आणि भोपाळच्या सचिवालयातून तिचा कारभार चाले. जवाहर चौकाला ज्यांचे नाव आहे ते जवाहरलालजी १९२७ साली, क्रांतीच्या दशकपूर्तीच्या वेळी, वडिलांसह मॉस्कोस गेले होते. पुढे पंतप्रधान म्हणून १९५५ साली गेले, तेव्हा त्यांनी उरल पर्वताच्या कुशीतील मॅग्निटोगोर्स्क हे पोलादाचे शहर पाहिले. त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीस भिलाईचा करार झाला होता.

त्या काळी पोलादाचे कारखाने वाटून दिल्यासारखे झाले होते. राउरकेला जर्मनांचे, दुर्गापूर इंग्रजांचे, भिलाई रशियनांचे. (आमच्या भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सला तंत्रसाहाय्य मिळाले तेही इंग्रज कंपनीचे.) भिलाईचे वैशिष्ट्य पैशाच्या अटींत होते. कर्जावर व्याज अवघे अडीच टक्के, फेड बारा वर्षांत, आणि तीही रुपयांत. डॉलर किंवा पौंड शोधत फिरण्याची गरज नाही. मिळालेल्या रुपयांतून रशियाने आपल्याकडचाच चहा, ताग, कातडी सामान विकत घ्यावयाचे. परकीय चलनाची टंचाई ज्या देशाच्या मानगुटीस बसली होती त्याला ही अट किती मोलाची वाटली असेल याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि झारखंडाच्या बाजूचा कोळसा यांच्या बळावर पहिली झोतभट्टी पेटली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन. आज आपण भोपाळहून ज्या रुळांवरून नागपूरला जातो-येतो, तसले रूळ मुख्यतः तेथेच घडतात.

नागपूरपासून दुर्ग रेल्वेने काही तासांच्या वाटेवर. त्यामुळे विदर्भातील किती मराठी तरुण तेथे फोरमन, फिटर, लेखनिक म्हणून गेले आणि तिथलेच होऊन राहिले याची मोजदाद नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे आप्त भिलाईच्या सेक्टरांतून नांदतात. रशियन इंजिनियर कुटुंबासह तेथे राहत, हातात पाना घेऊन हिंदी कामगाराबरोबर भट्टीपाशी उभे राहत, ही आठवण जुने लोक आजही सांगतात. इंग्रज साहेब पाहिलेल्या पिढीला हे अपूर्वाईचे होते. १९७२ साली उभारलेली मैत्री बाग त्या दिवसांची खूण म्हणून तेथे आहे.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. जे मॅग्निटोगोर्स्क पाहून आपण भारावलो ते १९३० नंतरच्या वर्षांत उभारताना, जमिनी हिसकावून घेतलेल्या शेतकऱ्यांना हद्दपार करून तेथे राबविले गेले होते. पंचवार्षिक योजनेच्या यंत्रांसाठी धान्य परदेशी पाठविले जात असताना १९३२-३३ साली युक्रेनमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली, आणि त्या मृत्यूंची वाच्यता करणे हा गुन्हा ठरला. भिलाईला आपण ते तंत्र घेतले. त्यामागची ती सक्ती घेतली नाही. आपल्याकडे जमिनी गेलेल्या खेडुतांना कोर्टकचेरीत जाता येत होते, कामगारांना संप करता येत होता, वर्तमानपत्रे ओरडत होती. कारखान्याला उशीर होतो म्हणून चरफडणारे तेव्हाही होते. तो उशीर मला स्वस्त वाटतो.

राजकारणातील मैत्रीचा ताळेबंदही असाच दुहेरी आहे. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला जो समझोता झाला त्या वेळी संरक्षणमंत्री या नात्याने यशवंतराव चव्हाण तेथे होते आणि शास्त्रीजींच्या मृत्यूची ती काळरात्र त्यांनी जवळून अनुभवली. ९ ऑगस्ट १९७१ च्या करारानंतर, त्या डिसेंबरातील युद्धात, सुरक्षा समितीत रशियाचा नकाराधिकार आपल्या पाठीशी उभा राहिला. हे ऋण खोटे नव्हे. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, दोन पिढ्यांनी तेथे भाकरी मिळविली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले तेव्हा नाशिककडील अनेक घरांत हळहळ झाली असेल. पण १९५६ साली हंगेरीत, १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात, १९७९ साली अफगाणिस्तानात रणगाडे शिरले, तेव्हा आपला आवाज घशातच अडकला हेही त्याच वहीतले पान आहे.

इतके झाल्यावर ज्या विषयाशी आपल्या घरांचा अगदी निकटचा संबंध आहे तिकडे वळतो.

आमच्या पिढीच्या भोपाळकर मराठी मुलांची स्थिती काय होती? शाळा हिंदी, खेळ हिंदी, बाजार हिंदी. मराठी फक्त स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या दहा दिवसांत. मुंबई-पुण्याची मुलांची पुस्तके येथे क्वचित येत आणि आली तर महाग वाटत. अशा वेळी पुस्तक-प्रदर्शनात किंवा फिरत्या गाडीवर दोन-तीन रुपयांत, जाड पुठ्ठ्याचे, रंगीत चित्रांचे, गुळगुळीत कागदाचे पुस्तक मिळे, आणि ते चक्क मराठीत असे. आत छापलेले असे: मॉस्को. प्रगती प्रकाशन, आणि १९८२ पासून साहित्यासाठी निराळे झालेले रादुगा प्रकाशन; मुंबईत लोकवाङ्मय गृह ती पुस्तके विकी. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करीत. आम्हांस बर्च झाड ठाऊक नव्हते, समोवार पाहिलेला नव्हता, बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी ती वाक्ये आम्ही मोठ्याने वाचली आणि आमचे जोडाक्षर सुधारले. ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाच्या पानांची वह्यांना घातलेली कव्हरे तर घरोघर असत. कव्हर फाटले तरी आतल्या ट्रॅक्टरवरची बाई हसतच असे.

हे सारे प्रचारासाठी होते काय? होय, होते. मॉस्कोने आपल्या पैशाने मराठी पुस्तके छापली ती मराठीच्या प्रेमापोटी नव्हे. जगातील असंख्य भाषांत ती छापली जात होती. त्या फडताळात टॉलस्टॉय होता, चेकॉव्ह होता, गॉर्की होता. पण १९४० च्या जानेवारीत गोळी घालून मारलेला इसाक बाबेल नव्हता, छावणीत मेलेला मांडेलश्ताम नव्हता, नोबेल नाकारावे लागलेला पास्तरनाक, १९७४ साली देशाबाहेर घातलेला सोल्झेनित्सिन यांची तर नावेही नव्हती. ही गैरहजेरी आम्हांला कशी कळणार? जे पुस्तक नाहीच ते मूल मागत नाही. याची जाणीव पुढे एम.ए. करताना झाली, आणि तेव्हा काही काळ त्या बालपणीच्या पुस्तकांचाच राग आला. आता तो राग राहिलेला नाही. याकोव्ह पेरेलमानच्या मनोरंजक भौतिकशास्त्रातून हजारो भारतीय मुलांनी विज्ञानाची गोडी घेतली. तो १९४२ साली, लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला असता, उपासमारीने मेला. त्याच्या पुस्तकात प्रचार शोधू म्हटले तरी फारसा सापडत नाही.

अर्कादी गैदारचे उदाहरण तर विलक्षण आहे. आपल्या लहानपणी ज्याच्या गोष्टी घरोघर वाचल्या गेल्या तो हा लेखक १९४१ च्या ऑक्टोबरात, युक्रेनमध्ये जर्मनांशी लढताना पडला. त्याची समाधी द्नीपर नदीकाठच्या कानिव गावी आहे. त्याचा नातू येगोर गैदार याने जानेवारी १९९२ मध्ये रशियातील किमतींवरचे सरकारी नियंत्रण उठविले आणि ज्या व्यवस्थेने आजोबांची पुस्तके पाण्याच्या मोलाने जगभर वाटली तिचा हिशेब बंद केला. मॉस्कोची मराठी पुस्तके त्याच सुमारास थांबली. कोणी तशी घोषणा केली नाही. प्रदर्शनातील ते टेबल एके वर्षी नव्हते, एवढेच.

आणि त्या टेबलाची जागा कोणी घेतली? दिल्लीने नाही, मुंबईने नाही. हा प्रश्न रशियाचा नसून आपला आहे, म्हणून तो येथे स्पष्ट लिहितो. बृहन्महाराष्ट्रातील मुलाच्या हाती, त्यास परवडेल अशा किमतीत, देखणे मराठी पुस्तक पोचविण्याची व्यवस्था एका परक्या सत्तेने स्वतःच्या स्वार्थासाठी काही दशके चालविली. आपल्या लोकांनी ती आपल्या प्रेमासाठीसुद्धा चालविली नाही. आमच्या भागातील मराठी घरांतून आज दहावीतले मूल मराठी बोलते, वाचताना अडखळते, लिहीत नाही. रशियन पुस्तकांपैकी बाजारात टिकले आहे ते इरोडोव्हचे भौतिकशास्त्रातील प्रश्नांचे पुस्तक, कारण आयआयटीच्या परीक्षेला त्याचा उपयोग होतो.

२०२२ साली युक्रेनमधून अठरा हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी परत आणावे लागले, बहुतेक वैद्यकीचे. सोव्हिएत काळी उभारलेल्या ज्या वैद्यकीय शाळांत ते शिकत होते तेथे आपली मुले जाण्याची वाट त्या जुन्या मैत्रीनेच घातली होती. त्याच वर्षापासून रशियाचे तेल आपल्याकडे मोठ्या प्रमाणात येऊ लागले आणि पुढे काही काळ रशिया हाच आपला सर्वांत मोठा तेल पुरवठादार ठरला. मे २०२३ मध्ये गोव्यास आलेल्या रशियन परराष्ट्रमंत्र्यांनी, भारतीय बँकांत आपले अब्जावधी रुपये साचून पडले आहेत, पण ते वापरावे कसे हा प्रश्न आहे, अशी अडचण सांगितली. १९५५ साली तेच रुपये त्यांना हवे होते, कारण त्यांतून चहा आणि ताग घेता येत होता.

जाता जाता वाचकांस एक विनंती. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके आता दुर्मिळ झाली आहेत. महाराष्ट्रातील काही हौशी मंडळींनी ती शोधून, त्यांच्या प्रती करून जतन करण्याचे काम हाती घेतले आहे. परंतु बाहेरच्या प्रांतांतील मराठी घरांत काय शिल्लक आहे याची त्यांना कल्पना नसणार. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, भिलाई येथील आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी पुस्तके असल्यास रद्दीवाल्यास देण्यापूर्वी त्यांची नावे, अनुवादकाचे नाव आणि छपाईचे वर्ष लिहून या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. घरात वाचू लागलेले नातवंड असल्यास पुस्तक मात्र पाठवू नये. त्याच्याच हाती ठेवावे.